हृदय, जीभ, नडगी, शेपटी, वजडी: बीफचे हे भाग रोजच्या जेवणात कसे बसवायचे?

भाकरतुकडा

मुक्काम मँचेस्टरजवळ. इथल्या खाटकाकडे स्टेक सोडून बाकीचे भाग पुष्कळ कमी भावात मिळतात, म्हणून एकदम साठा घेतला आहे. फ्रीझरमध्ये आत्ता आहे ते असं: नडगी (शिन) हाडासकट गोल काप 2 किलो, अख्खं हृदय 1.8 किलो, जीभ 1.4 किलो, शेपटीचे तुकडे 1.2 किलो, पांढरी धुतलेली वजडी (जनावराचं जठर) 1 किलो, कलेजी 500 ग्रॅम.

घरात चौघं. आम्ही दोघं चाळिशीच्या आतले, मुलगी 9 वर्षांची, सासरे 68 वर्षांचे आणि त्यांचं युरिक ॲसिड वाढलेलं. बायकोचं हिमोग्लोबिन 10.4 आहे. जेवणात भाकरी किंवा भात, डाळ, एखादी भाजी असतेच. मटणासारखा नुसता रस्सा करून वाटीभर तुकडे खायचे नाहीत, रोजच्या ताटात हे बसवायचं आहे.

कुठला भाग कसा शिजवायचा (भारतीय शिट्टीचा कुकर आणि लोखंडी तवा आहे), आठवड्याला किती खायचं आणि कुणी काय टाळायचं, हे जाणकारांनी सांगावं. नडगी दर वेळी चामट होते, तिचं काय चुकतं तेही कळलं तर बरं.

---

कुकरची_शिट्टी

नडगीपासून सुरुवात करतो, कारण तिचं जमलं की शेपटी, गाल, छाती हे सगळं जमतं.

जनावर ज्या स्नायूंवर दिवसभर उभं राहतं, चालतं, त्यात पांढरे चिवट पडदे जास्त असतात. ते कोलॅजनचे. आच पुरेशी आणि वेळ भरपूर मिळाला की त्यांचं जिलेटिन होतं आणि तुकडा मऊ पडतो. चामट नडगी बहुतेक वेळा कमी शिजलेली असते. पण खाणाऱ्याला वाटतं जास्त शिजली, म्हणून पुढच्या वेळी तो आणखी लवकर गॅस बंद करतो आणि ती आणखी चामट होते. सुरी घालून बघा. आत जाताना आणि बाहेर येताना अडली नाही, तर झाली. अडली तर आणखी 10 मिनिटं.

दुसरी चूक मोठ्या आचेवर आठ-दहा शिट्ट्या काढण्याची. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करायचा आणि तिथून 35 ते 40 मिनिटं मोजायची. शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा. तिसरी चूक शिट्टी उचलून वाफ सोडण्याची. दाब एकदम उतरला की तुकड्याच्या आतलं पाणी उकळून बाहेर पडतं आणि मऊ झालेलं मांससुद्धा कोरडं, दोऱ्या-दोऱ्यांचं लागतं. कुकर आपोआप उतरू द्या, 15 मिनिटं लागतील. आणि तुकडे 4 सेंटिमीटरपेक्षा लहान करू नका. लहान तुकडे लवकर शिजत नाहीत, लवकर सुकतात.

रोजच्या ताटासाठी हरभऱ्याच्या डाळीतली नडगी चांगली. चौघांना: हाड काढून 400 ग्रॅम नडगी, 200 ग्रॅम हरभरा डाळ (2 तास भिजवलेली), 400 ग्रॅम दुधी मोठ्या फोडी करून, 2 कांदे, 2 चमचे आलं-लसूण, 2 चमचे काळा मसाला, हळद, मीठ. तुकडे कागदाने टिपून अगदी कोरडे करा. कुकरमध्येच चमचाभर तेलावर दोन खेपांत परता, दोन्ही बाजूंना तपकिरी रंग येईपर्यंत. सगळे एकदम टाकले तर पाणी सुटतं आणि ते परतले जात नाहीत, उकडतात. मग कांदा, आलं-लसूण, मसाला, 700 मिली गरम पाणी आणि वर सांगितल्याप्रमाणे 35 मिनिटं. हाडं त्यातच टाका, नंतर नळीतला मगज काढून घेता येतो. कुकर उतरल्यावर डाळ आणि दुधी घालून एक शिट्टी आणि बारीक आचेवर 10 मिनिटं.

चिंच, टोमॅटो, आमसूल, जे घालायचं ते सगळ्यात शेवटी. मांसाला आंबटाने काही बिघडत नाही, पण डाळ आंबटात शिजत नाही, कडक राहते.

कच्च्या पपईचा मात्र मोह नको. लांब शिजणाऱ्या तुकड्याला पपई लावली की वरचा थर पिठासारखा होतो आणि आतपर्यंत ती पोचतही नाही.

---

रानमेथी

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. खाण्याच्या बाजूचं सांगते.

आधी एकूण माप. ब्रिटनच्या एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) सल्ला असा की जे दिवसाला 90 ग्रॅमपेक्षा जास्त शिजवलेलं लाल किंवा प्रक्रिया केलेलं मांस खातात त्यांनी ते 70 ग्रॅमवर आणावं. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड आठवड्याला शिजवलेलं 350 ते 500 ग्रॅम ही वरची मर्यादा धरतो. जर्मनीच्या पोषण संस्थेने 2024 मध्ये सगळं मांस आणि सॉसेज मिळून आठवड्याला 300 ग्रॅम सांगितलं. तुमच्या ताटात डाळ रोज आहे, तेव्हा मोठ्यांना आठवड्याला 300 ग्रॅम शिजवलेलं पुरे: तीन जेवणं, दर वेळी 90-100 ग्रॅम. मुलीला निम्मं.

कच्चं आणि शिजलेलं यात गल्लत नको. नडगी, हृदय शिजल्यावर साधारण दोन तृतीयांश उरतं. शेपटीत हाड इतकं असतं की 1.2 किलोतून 400 ग्रॅमच्या आसपास मांस हाती लागलं तर नशीब. सगळ्याचा हिशेब केला तर तुमचा साठा शिजून अंदाजे सव्वाचार किलो होतो, म्हणजे चौघांना पाच आठवडे सहज पुरेल. घाईने संपवायचं कारण नाही.

आता थोडंच मांस का चालतं ते. मांसातलं लोह शरीर चांगलं शोषतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून उपयोगाची गोष्ट ही की मांसाचे दोन-चार तुकडे सोबत असले की डाळीतलं, पालेभाजीतलं, बाजरीतलं लोहही जास्त शोषलं जातं. म्हणून 250 ग्रॅम मांस एकाच दिवशी खाण्यापेक्षा तेच तीन जेवणांत डाळ-भाजीबरोबर विभागून खाल्लं तर हाती जास्त लागतं. वर लिंबू पिळा किंवा कच्च्या टोमॅटो-कोबीची कोशिंबीर घ्या, क जीवनसत्त्वानेही तेच काम होतं. जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा.

ब्रिटनमध्ये 19 ते 49 वयाच्या बाईला दिवसाला 14.8 मिलिग्रॅम लोह धरतात. हैदराबादच्या एनआयएनने (राष्ट्रीय पोषण संस्थेने) 2020 मध्ये भारतीय बाईसाठी 29 मिलिग्रॅम धरलं, कारण धान्य-डाळींतून आलेलं लोह कमी शोषलं जातं. 100 ग्रॅम कच्च्या हृदयात सव्वाचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, कलेजीत पाचच्या आसपास. म्हणजे लोहासाठी कलेजीच हवी असं काही नाही. हृदयात ते जवळपास तितकंच आहे, चरबी फक्त 4 टक्के आहे, प्रथिनं 17-18 ग्रॅम आहेत आणि अ जीवनसत्त्वाचा धोका नाही. तुमच्या घरात हृदय हे मुख्य मांस धरा. मात्र 10.4 हिमोग्लोबिन जेवणाने भरून काढायच्या नादात उपचार लांबवू नका. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून डॉक्टर गोळी देतील ती घ्यायचीच, जेवण तिच्या जोडीला.

कलेजीबद्दल स्पष्ट सांगते. 100 ग्रॅम कच्च्या बीफ कलेजीत अ जीवनसत्त्व 5000 मायक्रोग्रॅमच्या घरात असतं. मोठ्या बाईची रोजची गरज 700 आणि रोजची सुरक्षित वरची मर्यादा 3000. जास्तीचं अ जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठतं. म्हणून मोठ्यांना एका वेळी 50-60 ग्रॅम, आठवड्यातून एकदाच, आणि पंधरवड्यातून एकदा खाल्ली तरी काही कमी पडत नाही. मुलीला 25 ग्रॅम पुरे. कुणी कॉडलिव्हर ऑइल किंवा अ जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिन घेत असेल तर ते धरून मोजा. गरोदर असलेल्या किंवा होऊ पाहणाऱ्या बाईने कलेजी अजिबात खाऊ नये.

सासऱ्यांना कलेजी, हृदय, गुर्दा बंद. यांत प्युरीन जास्त, त्याचंच युरिक ॲसिड होतं. नडगीचे 60-70 ग्रॅम तुकडे आठवड्यातून एक-दोनदा चालतील, पण रस्सा नको: प्युरीन पाण्यात उतरतं, म्हणजे सूप आणि पायाचं पाणी हेच त्यांना जास्त बाधेल. त्यांचे तुकडे रस्स्यातून निथळून वेगळ्या साध्या डाळीत घाला.

पायाच्या सुपाचा विषय निघालाच आहे तर: ते प्रथिनांचा खजिना आहे असं समजून आजाऱ्याला नुसतं तेच देतात. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. सूप चवीला घ्या, प्रथिनांसाठी सोबत डाळ-भात, अंडं काहीतरी हवं.

---

वसईचा_पाव

रानमेथीताईंनी हृदय मुख्य धरा म्हटलं, त्याची कृती देतो. सोबत एक खुलासा, कारण हा धागा महाराष्ट्रातलेही वाचतील. आपल्याकडे गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, 2015 पासून बैल, वळू यांच्याही कत्तलीवर आहे, तेव्हा मुंबई-वसईच्या दुकानात जे मिळतं ते म्हशीचं. भाग तेच, पण म्हशीचं मांस रंगाने गडद, चरबीला कमी आणि बहुतेक वयस्क जनावराचं. त्यामुळे वर नडगीला 35-40 मिनिटं सांगितली ती म्हशीला 55-60 धरा. ओळखायची सोपी खूण चरबीत आहे: म्हशीची पांढरीशुभ्र, चरून वाढलेल्या गायीची पिवळसर. म्हैस चाऱ्यातल्या कॅरोटिनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं दूधही पांढरं आणि चरबीही. दुकानात नडगी मागताना बोंग म्हणा, छातीला सीना, आणि पाठीच्या आतल्या मऊ पट्टीला अंडरकट. अंडरकट सगळे मागतात, बोंग आणि दिल (हृदय) सकाळी लवकर गेलात तर साफ करूनही मिळतं.

हृदय. फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवा. 1.8 किलोला दीड दिवस लागतो, पण पूर्ण सुटायची वाट बघू नका. बाहेरून मऊ आणि आत अजून कडक असताना ते सगळ्यात छान कापलं जातं.

उभं चिरून पुस्तकासारखं उघडा. वरची चरबीची टोपी, तोंडाशी असलेल्या जाड नळ्या, आतल्या झडपा आणि त्यांना बांधलेल्या पांढऱ्या दोऱ्या, सगळं काढून टाका. आतल्या बाजूला एक चकचकीत पातळ पडदा असतो. सुरीचं टोक त्याच्याखाली घालून पात्याचा रोख वर ठेवून सरकवत न्या, तो पट्टीपट्टीने सुटतो. हा राहिला तर तव्यावर आखडतो आणि तुकडा वाटीसारखा वळतो. कप्प्यांत रक्ताच्या गाठी असतील त्या थंड पाण्याखाली बोटाने काढा. साफ होऊन साधारण 1.4 किलो उरेल. त्याचे 350 ग्रॅमचे चार भाग करा आणि आज लागेल तेवढंच ठेवून बाकी शिजवून मग गोठवा. एकदा सुटलेलं कच्चं मांस परत गोठवायचं नाही.

तव्यावरचं: 350 ग्रॅम हृदय धाग्यांना आडवं, 5 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर आलं-लसूण, अर्धा चमचा मिरपूड, चमचाभर बाटली मसाला किंवा घरचा लाल मसाला, चमचाभर तेल. अर्धा तास फ्रिजमध्ये. मीठ तव्यावर टाकायच्या जरा आधी. लोखंडी तवा धूर निघेपर्यंत तापवा, पट्ट्या एका थरात पसरा, दोन मिनिटं हलवू नका, उलटून दीड-दोन मिनिटं. एवढ्या पातळ पट्ट्या तेवढ्यात आतपर्यंत शिजतात. आतल्या अवयवांना 71 अंश गाठावे लागतात, स्टेकसारखं आत लाल ठेवायचं नाही. काढल्यावर त्याच तव्यात कांद्याचे जाड काप आणि 300 ग्रॅम सिमला मिरची किंवा कोबी परता, तव्याला चिकटलेला मसाला भाजीला लागतो. भाकरी, ही भाजी, वर पट्ट्या आणि सोबत वरण.

हृदयाला दोनच वेळा आहेत. एक तर चार मिनिटं, नाही तर कुकरमध्ये बारीक आचेवर 40-45 मिनिटं. मधे कुठेही थांबलात, 10-15 मिनिटं तव्यावर झाकण ठेवून वगैरे, तर रबर.

---

म्हापशेकर

जीभ माझ्याकडे. ती दिसायला भीतीदायक, पण ह्या सगळ्यांत सर्वांत मऊ मांस तिचंच. फक्त ती चरबीची आहे हे लक्षात घ्या: कच्च्या 100 ग्रॅममध्ये 16 ग्रॅम चरबी, हृदयाच्या चौपट. म्हणून पातळ काप, 60 ग्रॅम, आणि त्या दिवशी ताटात तळलेलं दुसरं काही नको.

जाड मिठाने आणि ब्रशने खरखरीत पाठ घासा, थंड पाण्यात तासभर ठेवा. मग कुकरमध्ये बुडेल एवढं पाणी, 10 मिरी, 2 तमालपत्रं, 1 कांदा, 4 लवंगा, मीठ. पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर 65-70 मिनिटं. साध्या पातेल्यात सव्वातीन तास. टोकाशी सुरी लोण्यात शिरावी तशी शिरली पाहिजे. जीभ टोकाशी शिजली तर मुळाशीही शिजलेली असतेच असं नाही, दोन्हीकडे टोचून बघा.

सगळा खेळ सोलण्याचा. गरम असतानाच सोला. पाण्यातून काढली की दोन मिनिटं थंड पाण्यात धरा, हाताला सोसेल एवढंच. मुळाकडून साल उचला, मोज्यासारखी ओढली जाते. गार झाल्यावर साल मांसाला चिकटते आणि सुरीने तासावी लागते, अर्धा इंच मांस तिच्याबरोबर जातं. साल निघत नसेल तर जीभ कच्ची आहे, परत कुकरमध्ये 15 मिनिटं. मुळाखालचा चरबीचा लगदा, ग्रंथी आणि लहान हाडं कापून टाका.

गोव्यात नाताळला मिठातली जीभ करतात. जुन्या पद्धतीत मीठ, लिंबू आणि सोरा (पोटॅशियम नायट्रेट). सोऱ्याने आतून गुलाबी रंग येतो, पण चिमटीच्या अंदाजाने घालण्याची ती वस्तू नव्हे, प्रमाण चुकलं तर विषारी ठरते. घरी सोरा वगळा. 1.4 किलोला 40 ग्रॅम जाड मीठ, 2 लिंबांचा रस, ठेचलेली मिरी. काट्याने सगळीकडून टोचून चोळा, जाड पिशवीत हवा काढून बांधा आणि फ्रिजमध्ये 6 दिवस. रोज उलटायची, सुटलेलं पाणी टाकायचं नाही. बाहेर ओट्यावर एक रात्रसुद्धा नको. मग धुऊन वरच्याप्रमाणे शिजवा, पण पाण्यात मीठ न घालता. रंग करडा-तपकिरी येईल, चवीत उणं नाही. ही खारट असते, म्हणून सणाला ठीक. रोजच्यासाठी बिनमिठाची साधी उकडलेली जीभच बरी: पाऊण सेंटिमीटरचे काप, तव्यावर थोड्या तेलात मिरी-लसणावर परतलेले, सोबत पाव किंवा भात आणि मोठी वाटी काकडी-मुळ्याची कोशिंबीर.

---

तेरणाकाठ

वर सगळ्यांनी चांगलं लिहिलं आहे. एक गोष्ट मांडायला हवी. हे भाग मराठीत कुणाला नवे नाहीत. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांतल्या बायांनी नडगी, वजडी, जीभ, काळीज, रक्त, हाडं सगळं शिजवलं, तेलाचा थेंब जपून, आणि वाटीभर मांसात दहा माणसांची भाकरी लावली. थोडं मांस, भरपूर ज्वारी, सोबत डाळ किंवा वांगं, असा तो घाट. आज आहारतज्ज्ञ जे प्रमाण सांगतात ते त्या चुलीवर गरजेपोटी होतंच. त्या स्वयंपाकाला नाव ठेवणाऱ्यांनीच तो दूर ठेवला, चवीने नव्हे.

चान्या त्यातलीच. मांसाच्या बोटभर रुंद लांब पट्ट्या धाग्यांच्या दिशेने कापायच्या, मीठ-हळद चोळून उन्हाळ्याच्या कडक उन्हात दोरीवर वाळवायच्या. कडकडीत वाळल्या की वर्षभर टिकतात. चार-पाच तुकडे निखाऱ्यावर भाजून, ठेचून तुरीच्या डाळीत किंवा वांग्याच्या रस्स्यात टाकले की सगळ्या भांड्याला चव येते. मँचेस्टरच्या हवेत दोरीवर वाळवायला जाऊ नका, बुरशी येईल. ओव्हनमध्ये करा: चरबी नसलेल्या नडगीच्या 5 मिलिमीटरच्या पट्ट्या, किलोला 25 ग्रॅम मीठ आणि 2 चमचे हळद, रात्रभर फ्रिजमध्ये. आधी वाफेवर किंवा गरम ओव्हनमध्ये त्या 71 अंशांपर्यंत तापवून घ्या, मग 60-65 अंशांवर जाळीवर पसरून दार बोटभर उघडं ठेवून 6-8 तास. कच्च्याच कमी आचेवर वाळवल्या तर जंतू मरायच्या आधी पृष्ठभाग सुकतो आणि कोरड्या उष्णतेत ते तग धरतात. वाकवल्यावर पट्टी चिरली पाहिजे, पण आत ओलसरपणा दिसता कामा नये. चरबी ठेवू नका, ती खवट होते. घरच्या ओव्हनच्या चान्या फ्रिजमध्ये ठेवून महिन्यात संपवा. खारवलेलं मांस प्रक्रिया केलेल्यात मोडतं, म्हणून चिमूटभर, चवीपुरतं.

आता वजडी. तुमच्याकडची पांढरी आहे म्हणजे ब्लीच करून, बऱ्याच अंशी शिजवून आलेली. लँकेशायरकडे ती तशीच थंड, व्हिनेगर लावून खात. तिला कुकरमध्ये 15-20 मिनिटं पुरे. आपल्या सवयीने 50 मिनिटं ठेवलीत तर चिकट लापशी होईल. आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा, ब्लीचचा वास असेल तर पाण्यात चमचाभर मीठ घालून 5 मिनिटं उकळून ते पाणी फेका.

इकडे न धुतलेली मिळते तिची गोष्ट वेगळी. काळा थर काढायला लोक उकळतं पाणी ओततात आणि मग तासनतास खरवडतात. उकळत्या पाण्याने तो थर शिजून पक्का बसतो. पाणी 65-70 अंशांचं हवं, बोट क्षणभर बुडवून लगेच काढावं लागेल इतपत. त्यात दोन-तीन मिनिटं, मध्ये मध्ये नखाने बघायचं. थर सरकायला लागला की बाहेर काढून बोथट सुरीने खरवडायचं. मधमाशीच्या पोळ्यासारखा भाग असतो त्याच्या घरांत घाण राहते, तो ब्रशने. मग मीठ-हळद चोळून धुवायची, पहिलं उकळीचं पाणी टाकायचं आणि कुकरला 45-50 मिनिटं.

शिजलेल्या वजडीचे बोटाएवढे तुकडे, भाजलेलं सुकं खोबरं-कांदा-लसणाचं वाटण, काळा मसाला, आणि शिजवलेली अर्धी वाटी तूरडाळ घालून दाटसर. वजडीत चरबी 4 टक्क्यांच्या आतच, पण प्रथिनं नडगीच्या निम्म्याला थोडी वर, म्हणून डाळ हवीच. ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा.

---

भाकरतुकडा

सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. शेपटीवर कुणी लिहिलं नाही. आणि कलेजीला येणारा उग्र वास आणि रवाळपणा कसा टाळायचा? मुलगी त्या वासामुळेच नको म्हणते. शिवाय इथे भेजा कुठे मिळत नाही, तो का?

---

कुकरची_शिट्टी

भेजा: गुरांमधल्या बीएसई (मॅड काऊ) रोगामुळे एक वर्षावरच्या गुरांचा मेंदू आणि पाठीतली मज्जारज्जू तिथे खाण्यासाठी विकता येत नाही. शोधू नका. शेपटीच्या मणक्यांना ती बंदी नाही, जरी 1997 च्या डिसेंबरपासून दोन वर्षं ब्रिटनमध्ये हाडासकट बीफच विकता येत नव्हतं, शेपटीही नाही. आता तिची मागणी इतकी वाढली आहे की हाड वजा केलं तर ती नडगीपेक्षा महाग पडते. मुद्दाम घेऊ नका, आहे ती वापरा.

शेपटी दोन दिवसांची आहे, घाईची नाही. तुकडे ओव्हनमध्ये 220 अंशांवर 25 मिनिटं भाजा, सुटलेली चरबी तिथेच राहू द्या. मग कुकरमध्ये 1.5 लिटर पाणी, कांदा, मिरी, दालचिनी, बारीक आचेवर 50 मिनिटं. गाळून रस्सा आणि तुकडे वेगवेगळ्या भांड्यांत, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी रस्स्यावर चरबीचा पांढरा थर घट्ट बसलेला असतो, बोटाने उचलून निघतो. हा थर न काढता रस्सा वापरला तर तेलाचा तवंग आणि पोटाला जड. थराखाली रस्सा थलथलीत जेलीसारखा असला तर शिजवणं जमलं, पातळ पाणी राहिलं तर पाणी जास्त झालं.

मांस हाडावरून सोडवून घ्या, 400 ग्रॅमच्या आसपास निघेल. अर्धा लिटर रस्स्यात 100 ग्रॅम बार्ली किंवा जाडसर ज्वारीच्या कण्या (दोन्ही आधी भिजवून), गाजर, सलगम, घेवडा मिळून 500 ग्रॅम, वाटीभर मसूर. अर्ध्या तासात होतं. शेवटी मांस, लिंबू, कोथिंबीर. उरलेला रस्सा बर्फाच्या साच्यात गोठवून रोजच्या भाजीला एक-एक खडा टाकता येतो. सासऱ्यांच्या वाटीत मात्र नाही.

---

रानमेथी

कलेजीचा वास बहुतेक तीन ठिकाणांहून येतो: वरचा पडदा, आतल्या पांढऱ्या नळ्या आणि जास्त शिजवणं. पडदा कोपऱ्यात नखाने उचलला की ओढून निघतो, नळ्या सुरीने काढा. मोठ्या जनावराची कलेजी वासराच्या मानाने उग्र असते, ती 1 सेंटिमीटर जाड काप करून अर्धा तास दुधात फ्रिजमध्ये ठेवा, दूध टाकून द्या, टिपून कोरडी करा. तव्यावर मध्यम-मोठ्या आचेवर दोन-अडीच मिनिटं दर बाजूला. कापून बघितली तर आत गुलाबी नको आणि लाल रस अजिबात नको, पण राखाडी होऊन रवाळही नको. त्या दोघांमधला वेळ अर्ध्या मिनिटाचा आहे, म्हणून कापांची जाडी सारखी हवी. जाड-पातळ काप एकाच तव्यात असतील तर काही कच्चे, काही वाळू.

मुलीसाठी वेगळी वाट: 100 ग्रॅम शिजलेली कलेजी किसून 400 ग्रॅम खिम्यात मिसळा, वर भरपूर मटार आणि मेथी. चौथ्या दिवशी पुन्हा काढू नका, तुम्हा तिघांत एकदा वाटली की त्या आठवड्याचं झालं. सासऱ्यांच्या वाट्याचा खिमा कलेजी मिसळायच्या आधीच बाजूला काढा. आणि मुलीला तरीही नको असेल तर आग्रह सोडा, तिला हृदयाच्या पातळ पट्ट्या भाकरीत गुंडाळून द्या. लोह तेवढंच जातं.

---

वसईचा_पाव

एक राहिलं. फ्रीझरमधला क्रम: कलेजी आणि वजडी आधी काढा, हे भाग तीन-चार महिन्यांत चवीला उतरतात. नडगीला आठ-दहा महिने काही होत नाही. प्रत्येक पिशवीवर भाग, वजन आणि तारीख लिहून ठेवा, गोठलेलं हृदय आणि गोठलेली जीभ पिशवीतून सारखीच दिसतात.